भरणा सर

पोहरादेवीत नुसत्या आडनावावर माणूस सापडत नाही. राठोड कुठे राहतात म्हणून विचारलंत, तर चहाच्या टपरीवरचे निम्मे लोक उठून उभे राहतील. चव्हाण, पवार, जाधव, आडे असं पुढे विचारत गेलात तर टपरीवाला एकटाच बसलेला उरेल, आणि त्याचंही यातलंच काहीतरी असेल. म्हणून माणसाच्या खोडीवरून त्याचं नाव पडतं, आणि तेच पत्त्यालाही चालतं. आमच्या या गृहस्थांना गाव ‘भरणा सर’ म्हणतं. टपालवाला म्हणतो, बँकेतला शिपाई म्हणतो, आणि ते समोर नसले तर त्यांची बायकोही म्हणते.

पॅन कार्डावरच्या दहा अक्षर-आकड्यांतलं चौथं अक्षर ‘पी’ असेल तर मालक हाडामांसाचा माणूस असतो आणि पाचवं अक्षर त्याच्या आडनावाचं असतं, ही माहिती गावाला सरांनी दिली. मागितली कोणीच नव्हती. कोणाच्या तरी तेराव्याला पंगतीत बसल्याबसल्या शेजाऱ्याचं पॅन कार्ड मागून घेऊन त्यांनी ती दिली, आणि ‘तुमचा आर, माझा आर, पण तुमचा आर रिकामा आहे’ असं म्हणून कार्ड परत केलं. शेजारी बराच वेळ कार्ड उलटंसुलटं करून पाहत होता.

रिकामा म्हणजे कर न भरणारा. सरांच्या लेखी माणसांच्या जाती दोनच.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पेन्शन, बँकेत ठेवलेल्या निवृत्तीच्या पैशांचं व्याज आणि वडिलोपार्जित तीन एकर असं त्यांचं उत्पन्न. पेन्शन आणि व्याज मिळून वर्षाला साडेआठ लाखांच्या घरात. हा आकडा मी फोडतोय असं समजू नका. तो सर स्वतः एस.टी.त, लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, जिथे जागा मिळेल तिथे सांगतात. बाकीचे लोक उत्पन्न लपवतात म्हणून आयकर खातं हैराण असतं. कोणी विचारलं नसताना सरांनी सांगितल्यामुळे गाव हैराण आहे.

तसा गावाचा आणि आयकराचा संबंध कमी. सोयाबीन, कापूस, तूर यांवर चालणारा हा मुलूख. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10 मधलं अगदी पहिलंच पोटकलम तसं सांगत आलं. नोकरदार आहेत, शिक्षक आहेत, पण त्यांचा कर पगारातूनच कापला जातो, आणि सरांच्या मते कापला जातो तो कर नव्हेच. ‘कापणारा वेगळा, भरणारा वेगळा. खिसा कापला गेला म्हणून कोणी दानशूर होतो का?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. स्वतःच्या हातानं, स्वतःच्या बोटानं, पोर्टलवर जाऊन, चलन काढून भरला तो खरा भरणा. त्यांच्या मुदतठेवीच्या व्याजातून बँक दहा टक्के कापून घेते, त्याचं त्यांना दुःख आहे. बँकेनं तेवढा आनंद मधल्यामधे चोरला, असं ते म्हणतात.

साठी पूर्ण झाली तेव्हा तर त्यांचा घात झाला. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठाला आगाऊ कर भरावा लागत नाही. म्हणजे 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर आणि 15 मार्च हे चारही सण एका झटक्यात गेले. हाती एकच उरला, विवरणपत्राआधीचा स्व-निर्धारण कर, वर्षातून एकदा. ‘एस.टी.वाले पासष्टीशिवाय ज्येष्ठ मानत नाहीत आणि आयकरवाले साठीलाच घरी बसवतात,’ असं ते कळवळून सांगत. त्यांच्या वयाची बाकीची माणसं पासष्टी कधी होते आणि अर्धं तिकीट कधी लागू होतं याची वाट पाहत असतात.

हा एकुलता एक भरणा ते 24 जुलैलाच करत. त्या दिवशी आयकर दिन असतो. 1857 च्या बंडानं इंग्रजांची तिजोरी रिकामी झाली, ती भरायला जेम्स विल्सन नावाचा साहेब विलायतेहून आला आणि 1860 साली 24 जुलैला भारतात आयकर सुरू झाला. बिचारा विल्सन त्यानंतर महिनाही जगला नाही, ऑगस्टात कलकत्त्याला हगवणीनं गेला. सर ही गोष्ट सांगताना ‘हगवण’ गाळतात आणि ‘सेवा करता करता गेला’ म्हणतात. त्या काळी वर्षाला 200 रुपयांच्या आत कमावणाऱ्याला कर माफ होता हे सांगून वर विचारतात, ‘आपल्या पंजोबांचे 200 होत असतील का हो?’ पंजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या लदेणीतले. पुढे रेल्वे आली आणि लदेणी बसली. पण नाक्यानाक्यावर जकात भरत गेलेली ही माणसं, तेव्हा भरण्याची परंपरा आपल्या रक्तातच आहे, असं भाषण सरांनी 15 फेब्रुवारीला बंजारा समाजाच्या संत सेवालाल महाराजांच्या जयंतीला एकदा केलं होतं. श्रोत्यांमधल्या तांड्याच्या एका म्हाताऱ्या नायकानं एवढंच म्हटलं, ‘सर, नाका चुकवायच्या वाटाही रक्तातच हायेत.’

आता 2024 सालची 24 जुलै पाहा, कारण तो सरांचा भरभराटीचा काळ.

सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून सर आधी जगदंबेच्या देवळात गेले, मग सेवालाल महाराजांच्या समाधीवर, मग रामराव महाराजांच्या. या गावाला बंजारा समाजाची काशी म्हणतात. रामनवमीला तेलंगण, कर्नाटक, आंध्र असा कुठून कुठून माणूस इथे नवस फेडायला येतो. सरांचा नवस नव्हता. सर्व्हर चालू राहावा एवढंच मागणं होतं. मग त्यांनी मोर्चा वळवला तो ऑनलाइनच्या दुकानाकडे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, लाडक्या बहिणीचा फॉर्म, आधार दुरुस्ती अशी सगळी महसूल यंत्रणा या दहा बाय बाराच्या खोलीत एक पोट्टं चालवतं. बाहेर ‘लाडकी बहीण’वाल्या बायांची रांग. सर रांगेत न थांबता आत गेले आणि म्हणाले, ‘यांचं घ्यायचं आहे, माझं द्यायचं आहे. देणाऱ्याला रांग नसते.’

पोट्ट्यानं पोर्टल उघडलं. ई-पे टॅक्स, पॅन नंबर, मोबाइल, ओटीपी. ओटीपी सर स्वतः मोठ्यानं वाचून दाखवतात. कोणाला सांगू नका असं मेसेजातच लिहिलेलं असतं, पण आपल्या भरण्यात चोरटेपणा नको हा त्यांचा बाणा. मग कोणता कर, कोणतं वर्ष. उत्पन्न 2023-24 चं आणि भरणा 2024-25 च्या नावावर. इथे निम्मा भारत चुकतो. सर चुकत नाहीत, आणि इतर चुकत असतील या कल्पनेनं त्यांना फार बरं वाटतं. मग प्रकार: आगाऊ कराचा संकेतांक 100, स्व-निर्धारणाचा 300. ‘तीनशे!’ सर खुर्चीवरून जाहीर करतात. रक्कम 16,400 रुपये. एकूण कर 36,400. पैकी 20,000 बँकेनं मधल्यामधे चोरलेले. चलनाचा संदर्भ क्रमांक निघाला, तो पंधरा दिवस टिकतो, पण सरांना पंधरा मिनिटंही धीर नसतो.

मग येतो खरा प्रश्न, भरायचे कशानं?

‘सर, यूपीआयनं करू? फुकट होते,’ पोट्टं म्हणालं.

‘नको.’

‘रूपे डेबिट कार्ड हाय ना तुमचं? तेही फुकटच हाय.’

‘डेबिट म्हणजे आपलेच पैसे आपण काढायचे. त्यात काय मोठेपणा? क्रेडिट कार्ड.’

आणि सरांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात, त्याच्याही आत पातळ कागदात गुंडाळलेलं क्रेडिट कार्ड काढलं. रांगेतल्या बायाही पुढे सरकल्या. ‘बँकेचा माझ्यावर विश्वास आहे,’ सर म्हणाले. तो विश्वास असा की, सरांची पंचवीस हजारांची एफडी अडकवून ठेवून बँकेनं त्यांना वीस हजारांच्या मर्यादेचं कार्ड दिलं होतं. एवढ्या विश्वासावर गावातला सावकारही बैलजोडी देईल.

या कार्डावर सर किराणा घेत नाहीत, पेट्रोल भरत नाहीत. ते वर्षातून एकदाच बाहेर येतं. त्यामागे हिशेब आहे आणि तो सरांनी वहीत मांडला आहे. कार्डाचं बिल निघतं 20 तारखेला. 24 जुलैला ओढलं की बिल 20 ऑगस्टला, पैसे द्यायचे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे सत्तेचाळीस दिवस सोळा हजार चारशे रुपये आपल्याच बचत खात्यात व्याज खात बसणार. सरकार खूश, बँक गप्प, आपण फायद्यात. फायदा किती? पावणेतीन टक्क्यांच्या आतबाहेरच्या दरानं सत्तावन्न रुपये. आणि पेमेंट गेटवेनं कार्डासाठी घेतलेली फी? शेकडा पंच्याऐंशी पैसे, त्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण एकशे चौसष्ट रुपये एकोणपन्नास पैसे. कार्डावर पॉइंट मिळतात म्हणाल, तर त्या कार्डाच्या नियमांत सरकारी भरण्याला पॉइंट नाहीत असं बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. पोट्ट्यानं हे सगळं त्यांना दाखवलं. सर शांतपणे म्हणाले, ‘अठरा टक्के जीएसटी म्हणजेही करच ना? तोही मीच भरतोय.’

पोट्टं पुढे काही बोललं नाही. अशा माणसाला तोट्यात घालता येत नाही.

कार्डाचा नंबर टाकला, पुन्हा ओटीपी आला, पुन्हा मोठ्यानं वाचला, आणि चक्र फिरू लागलं. ‘कृपया मागे जाऊ नका, पान ताजं करू नका’ अशी सूचना झळकली. सर मागे जाणारे नव्हतेच, पण लाइट गेली.

पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जाणं ही बातमी नव्हे. इन्व्हर्टर होता म्हणून कॉम्प्युटर चालू राहिला, पण इंटरनेटचं डबडं बंद पडलं. सरांच्या मोबाइलवर मेसेज आला, पैसे गेले. चलन मात्र आलं नाही. दुकानात शांतता पसरली. एक बाई म्हणाली, ‘अय बापा, गेले ना सरचे पैसे!’ दुसरी म्हणाली, ‘पुन्हा भरा जी, होते कधी कधी.’ इथे सरांमधला मुख्याध्यापक जागा झाला. बँकेकडून दुजोरा येईपर्यंत थांबायचं असतं, लगेच दुसऱ्यांदा भरायचं नसतं, हा नियम त्यांना पाठ होता. त्यांनी तो सगळ्यांना समजावून सांगितला आणि मग स्वतःच तीनदा विचारलं, ‘पुन्हा भरायचा का रे?’ जेवायची वेळ झाली. घरून नातू निरोप घेऊन आला की आजी ताट वाढून बसली आहे. सरांनी उलट निरोप धाडला, ‘सरकारचा दुजोरा आल्यावर येतो.’

दुपारी लाइट आली, पोट्ट्यानं भरण्याचा इतिहास उघडला, आणि चलन तिथे होतं. बँकेचा सात आकडी बीएसआर कोड, तारीख, पाच आकडी चलन क्रमांक. रंगीत प्रिंट काढली, लॅमिनेशन केलं. त्याचे चाळीस रुपये सरांनी रोख दिले आणि त्याची पावती मागितली. पोट्ट्याकडे पावतीपुस्तक नव्हतं. ‘यामुळेच देश मागे आहे,’ असं म्हणून सर जेवायला गेले.

त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर ही लॅमिनेट केलेली चलनं टांगलेली आहेत. सेवालाल महाराजांच्या तसबिरीपेक्षा एक वीत खाली, कारण सरांना मर्यादा कळते.

संध्याकाळी हॉटेलात विषय निघणारच होता. सरांनी सत्तेचाळीस दिवसांचं गणित मांडलं. हॉटेलवाला चहा गाळता गाळता ऐकत होता. तो म्हणाला, ‘म्हणजे सर, तुमी सरकारले उधारीचे पैसे देले?’

‘उधारी नाही, क्रेडिट आहे.’

‘मंग आमी कृषी केंद्रातून बियाणं आन् खत आणतो, सोयाबीन निघाल्यावर देतो, ते काय हाय जी? तुमचं सत्तेचाळीस दिवस, आमचं मृगापासून दिवाळीपर्यंत. आमाले तर कार्डही लागत नाई.’

सरांनी चहा अर्धा सोडला. पैसे मात्र पूर्ण दिले, यूपीआयनं.

पण खरी मौज पुढे, ऑक्टोबरात. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधान पोहरादेवीला आले. नगाऱ्याच्या आकाराच्या त्या मोठ्या इमारतीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, आणि त्याच दिवशी आमच्या वाशिम जिल्ह्यातूनच पीएम किसानचा अठरावा हप्ता देशभरातल्या सुमारे 9 कोटी 40 लाख शेतकऱ्यांना सोडला गेला. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचाही हप्ता सोबत. गावात मोबाइल वाजू लागले. बांधावर, पारावर, चुलीपाशी टुण टुण. सरांचा तीन एकराचा सातबारा असूनही त्यांचा मोबाइल गप्प होता. मागच्या वर्षी आयकर भरणाऱ्याला आणि महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणाऱ्याला ही योजना नाही. सरांना दोन्ही बाजूंनी बाद केलेलं.

दुसरा कोणी असता तर हिरमुसला असता. सरांनी वही काढली. छत्तीस हजार चारशे भागिले दोन हजार. भागाकार अठरा, उरले चारशे. ‘अठरावा हप्ता आणि अठरा शेतकरी! हा योगायोग नाही,’ सर म्हणाले. म्हणजे गावातल्या अठरा शेतकऱ्यांचा हप्ता आपण भरला, उरलेले चारशे रस्त्याला गेले. मग त्यांनी त्या अठरांची यादी केली. कोणी निवडलं म्हणाल तर सरांनीच, गुणानुक्रमे. वर्गात शिकवलेले, सरळ चालणारे, दारू न पिणारे. अठरा भरायला त्यांना थोडे नियम सैल करावे लागले.

त्या दिवसापासून ते अठरा जण सरांच्या मालकीचे झाले. सर त्यांच्या घरी जाऊन चौकशी करत, ‘दोन हजारांचं काय केलं?’ एकानं खत आणलं, त्याच्या पाठीवर शाबासकी. एकानं पोरीची फी भरली, त्याच्या घरी चहा घेतला. एकाच्या घरातून मटणाचा वास आला, तेव्हा सर उंबऱ्यावरच थांबले.

‘माझ्या पैशाचं मटण?’

‘आवो सर, मी तुमच्या अठरात नाई,’ तो गडी पाटावरून म्हणाला. ‘मी टाटाच्या यादीत हाय. त्यायले काई हरकत नाई.’

सरांनी यादीतून त्याचं नाव खोडलं आणि एका गरीब विधवेचं घातलं. तिला हे कधी कळलंच नाही.

मालकी हीच त्यांची खरी व्याधी, आणि ती त्यांच्या एकट्याची नाही. शहरातल्या सोसायट्यांत, ट्रेनच्या डब्यात, विलायतेतल्या नातेवाइकांच्या फोनवरही तुम्हाला हे सर भेटतील. ‘आमच्या टॅक्सच्या पैशांवर’ अशी वाक्याची सुरुवात करणारा माणूस भरतो आपल्या वाट्याचं आणि बोलतो देशाच्या वाट्याचं. आमचे सर त्यातल्या त्यात प्रामाणिक. ते निदान भागाकार करतात. एस.टी. खड्ड्यात आदळली की ते कंडक्टरला सांगतात, ‘यातला चारशे रुपयांचा तुकडा माझा आहे, तो बरा असेल.’ बायकोबरोबर मानोऱ्याला जाताना तिचं महिला सन्मानचं अर्धं तिकीट निघतं, तेव्हा ‘उरलेलं अर्धंही शेवटी मीच भरतोय’ असं म्हणून तिच्याकडे पाहतात.

बाई खिडकीबाहेर पाहतात. त्यांचं दुखणं वेगळं आहे. कुटुंबात आयकर भरणारा असला तर लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळत नाहीत. शेजारणीला ऑगस्टात पैसे आले, तिच्या शेजारणीला आले, घरकाम करायला येते तिला आले. ‘साऱ्या गावाच्या बाया लाडक्या, मी एकटीच करदात्याची,’ असं त्या पापड लाटता लाटता म्हणाल्या. एवढ्या उत्पन्नाला ती योजना एरवीही मिळाली नसती, पण सरांनी हे समजावलं नाही. आपल्या करामुळेच बायकोचे दीड हजार अडले यात त्यांना एक प्रकारचा त्याग दिसत होता. बायकोच्या वाट्याचा त्याग करणं पुष्कळ सोपं असतं.

आणि मग 1 फेब्रुवारी 2025 उजाडला. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचं भाषण सर दरवर्षी बाक टाकून, वही घेऊन ऐकतात. बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या पद्धतीत आयकर शून्य, पगारदार आणि पेन्शनवाल्यांना पंचाहत्तर हजारांची वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य, असं त्या म्हणाल्या आणि संसदेत बाकं वाजली. सरांच्या घरात बाक वाजलं नाही. ऑनलाइनवालं पोट्टं धावत आलं, ‘सर, पेढे द्या! तुमचा कर झिरो झाला!’

सर म्हणाले, ‘मला काढून टाकलं.’

एप्रिलात ते बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी चांगुलपणानं सांगितलं, ‘गुरुजी, यंदा तुमचा कर निघत नाही. पंधरा-एच भरून द्या, म्हणजे व्याजातून कापणार नाही.’ सरांनी फॉर्म हातात घेतला, वाचला. माझ्या उत्पन्नावर कर शून्य होतो, असं त्यात स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं होतं. ‘मी शून्य आहे असं मी लिहून देणार नाही,’ असं म्हणून सरांनी फॉर्म परत केला. साहेबांनी समजावलं की नाही भरलात तर वीस हजार कापले जातील आणि विवरणपत्र भरल्यावर परत येतील. परत येतील! हे ऐकून सर आणखीच खचले. लग्नात केलेला आहेर यजमानानं घरी आणून परत करावा, तसं त्यांना वाटलं.

त्यांनी हार मात्र मानली नाही. जुनी पद्धत अजून जिवंत होती. ‘जुनी निवडली तर भरता येईल का रे?’ त्यांनी पोट्ट्याला विचारलं. त्यानं आकडे टाकले. पेन्शन थोडी वाढून उत्पन्न पावणेनऊ लाखांवर गेलेलं, पन्नास हजारांची वजावट, ज्येष्ठांना व्याजावर आणखी पन्नास हजारांची, उरले पावणेआठ लाख. कर उपकरासह सदुसष्ट हजार सहाशे.

सरांनी चष्मा काढून पुसला. ‘तेहतीस शेतकरी,’ ते पुटपुटले.

‘कोणते तेहतीस?’ दारातून आवाज आला. बाई आधार अपडेट करायला आल्या होत्या.

सर म्हणाले, ‘काही नाही.’ देशसेवेला वरची मर्यादा असते, ही गोष्ट त्यांच्या त्याच दिवशी लक्षात आली. विषय तिथेच मिटला.

24 जुलै 2025 चा भरणा त्यांचा शेवटचा, कारण तो मागच्या, म्हणजे 2024-25 च्या उत्पन्नाचा होता. त्या वर्षी नव्या पद्धतीत त्यांचा कर 31,200 आला. बँकेचे वीस हजार जाऊन हातात उरले 11,200. पुन्हा अंघोळ, देऊळ, समाधी, दुकान, कार्ड, ओटीपी. विवरणपत्राची मुदत सरकारनं 15 सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, पोट्टं म्हणालं घाई काय आहे. सर म्हणाले, ‘विल्सनची तारीख चुकवायची नाही.’ या वेळी लाइट गेली नाही. दोन मिनिटांत चलन आलं, आणि सरांना ते फार लवकर वाटलं. भागाकार पंधराच आला, म्हणून यादीतले तिघं कमी करावे लागले. कोणाला कमी करायचं यावर त्यांनी आठवडा घालवला. त्या तिघांना ऑगस्टात विसावा हप्ता मिळालाच. तो आपल्याशिवाय आला कुठून, हे सरांना आजही समजलेलं नाही.

आता ते मोकळे आहेत आणि गावाला त्याची झळ लागते आहे. ग्रामपंचायतीत जाऊन त्यांनी घरपट्टी क्रेडिट कार्डानं घ्यायची सोय करा म्हणून अर्ज दिला. ग्रामसेवकानं भिंतीवरच्या क्यूआर कोडकडे बोट दाखवलं. पाणीपट्टी त्यांनी दोन वर्षांची आगाऊ भरली. नगाऱ्याच्या इमारतीभोवती संध्याकाळी फिरायला जातात आणि तेलंगणातून आलेल्या यात्रेकरूंना सांगतात, ‘हे बांधलं गेलं तेव्हा मी भरत होतो.’ यात्रेकरू त्यांना ठेकेदार समजून रस्त्याच्या तक्रारी सांगतात. सर त्या वहीत टिपून घेतात.

तुमचा कर अजून निघत असेल तर यूपीआयनं भरा. सप्टेंबर 2024 पासून करभरण्यासाठी त्याची मर्यादा एका वेळी पाच लाखांपर्यंत नेली आहे आणि वर फी लागत नाही. रूपे डेबिट कार्डालाही लागत नाही. क्रेडिट कार्डच ओढायचं असेल तर रक्कम टाकल्यावर गेटवेसमोर जो फीचा आकडा दिसतो, तो आधी वाचा. आणि पोहरादेवीला आलात तर चलन सोबत आणा. सर ते दोन्ही बाजूंनी तपासतील, वर्ष बरोबर आहे का पाहतील, आणि तुमच्या वाट्याला किती शेतकरी येतात ते जागच्या जागी सांगतील.